डबी माझ्याकडे आहे

येशूच्या बारा शिष्यांत खजिनदार एकच होता, आणि तो कोण हे संडे स्कूलचं पोरही सांगेल. २०१६ च्या वार्षिक सभेत खजिनदार म्हणून माझं नाव पुढे आलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "चला, यहूदाची खुर्ची भरली." सगळे हसले. मीही हसलो. बँकेत पस्तीस वर्षं काढलेली, त्यातली निम्मी कॅशला. असल्या विनोदांचं काही वाटत नाही.

घरी आल्यावर मात्र योहानाचं शुभवर्तमान काढलं. बाराव्या अध्यायात ते आहे आणि तेराव्यात पुन्हा आहे: पैशांची डबी यहूदाजवळ असे. मरीया येशूच्या पायांना जटामांसीचं तेल लावते, सगळं घर त्या वासानं भरून जातं, आणि तेवढ्यात खजिनदार बोलतो. काय बोलतो? किंमत. तीनशे दीनारांना गेलं असतं म्हणतो. मजुराचा एका दिवसाचा रोज एक दीनार, म्हणजे जवळजवळ वर्षभराची मजुरी. आकडा त्यानं तिथल्या तिथे काढला. डबीतलं तो चोरायचा, असं योहान लिहितो; पण मला त्या माणसाची भीती वाटते ती त्याच्या चोरीमुळे नाही. सगळ्यांना वास येत होता आणि त्याला भाव दिसत होता, याची वाटते.

बरं, जकातनाक्यावरून उठून आलेला मत्तय त्याच बारांत होता. हिशेबात मुरलेला माणूस हाताशी असताना डबी दुसऱ्याकडे का? हे मी एकदा पाळकसाहेबांना विचारलं. ते वयानं माझ्याहून बरेच लहान आहेत, मला काका म्हणतात. म्हणाले, "काका, मत्तयाला त्यातून उठवून आणला होता ना? परत त्यातच कशाला बसवायचा?"

मी खजिनदार झालो त्याच वर्षी बँकेतून निवृत्त झालो होतो. काही बोललो नाही.

आमची मंडळी नगरातली. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वेळ लागणार. चर्च फार मोठं नाही. शहरातली पहिली मंडळी १८३३ सालची, अमेरिकन मराठी मिशनची. तिच्यापुढे आम्ही नातवंडं-पतवंडं. रविवारी साडेनऊची उपासना, दीडेकशे माणूस, नाताळला तिप्पट. दाराशी अजून बरेच जुने लोक एकमेकांना "सलाम" करतात. तरुण मुलं "प्रेज द लॉर्ड" म्हणतात. मी दोन्हींना सलामच करतो.

अर्पणगीत सुरू झालं की दोन थैल्या फिरतात. लाकडी दांड्याच्या, तांबड्या मखमलीच्या. मखमल आता गुडघ्यावर झिजलेल्या पॅन्टसारखी झाली आहे, पण बदलायचं कुणी मनावर घेत नाही. उपासना संपली की त्या वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत येतात आणि मी व दुसरे एक जण टेबलावर उलट्या करून मोजतो. एकट्यानं मोजायचं नाही, हा आमचा जुना नियम. मला वाटायचं मिशनरी साहेबांनी घालून दिलेली शिस्त असेल. पण पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हेच आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम न्यायची होती, तर पौल ती एकट्याच्या हाती देत नाही, सोबत आणखी माणसं पाठवतो आणि स्पष्ट लिहितो की आमच्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून ही काळजी. पौल बँकेत असता तर कॅश डिपार्टमेंटला शोभला असता. जॉइंट कस्टडी म्हणतात आमच्याकडे त्याला.

थैलीतून काय काय निघतं हे फक्त मोजणाऱ्यालाच माहीत. दहाच्या नोटांचे बारीक बारीक चौकोन, इतके दुमडलेले की उलगडताना पेपर उघडल्यासारखं वाटतं. लहान मुलांच्या घामेजल्या मुठीतली नाणी. एकदा शर्टाचं बटण. एकदा पीएमटीचं तिकीट. कुणीतरी पुण्याहून आलं असणार. आणि मधूनमधून नोटेत गुंडाळलेली चिठ्ठी. वहीच्या फाडलेल्या कागदावर, पेन्सिलीनं: "मुलाची दारू सुटू दे." खाली नाव नाही. दहा रुपये. त्या रविवारी आम्ही दोघांनी मोजणी थांबवली, डोळे मिटले, आणि कोणाचा मुलगा हे माहीत नसताना प्रार्थना केली. दीडशे माणसांत दारू पिणारी मुलं काही कमी नाहीत, तेव्हा प्रार्थना वाया जायची शक्यता नव्हती.

२०१६ च्याच नोव्हेंबरात नोटबंदी झाली. आठ तारखेला, मंगळवारी रात्री. पुढचा रविवार १३ तारखेचा. थैल्या इतक्या जड माझ्या कारकिर्दीत कधी आल्या नाहीत. पाचशेच्या आणि हजाराच्या जुन्या नोटा! ज्या बाकांवरून जन्मात पन्नासच्या वर काही पडलं नव्हतं, त्या बाकांवरून. आम्ही दोघं टेबलाकडे बघत बसलो. माझे जोडीदार म्हणाले, "देवाच्या घरी आज बदलून मिळतंय वाटतं." रकमा बँकेत भरल्या गेल्या, तेवढी मुदत होती. पण त्या दिवशीचं अर्पणगीत मी अजूनही सरळ चेहऱ्यानं म्हणू शकत नाही.

अगदी निनावी असं सगळं होतं असं मात्र म्हणायला नको. नावं आम्ही पूर्वीपासून वाचतोच. नातवाचा पहिला वाढदिवस, लग्नाचा पंचविसावा, गुडघ्याचं ऑपरेशन सुखरूप झालं, मुलगी बारावी झाली: उपकारस्तुतीची पाकिटं येतात आणि सेक्रेटरी वेदीपासून रकमेसकट वाचून दाखवतात. पंख्यांच्या पात्यांवर "यांच्या स्मरणार्थ" रंगवलेलं आहे. मे महिन्यात आजोबांच्या पंख्याखाली जागा धरण्यावरून दोन सख्ख्या चुलत भावांत बोलाचाली झालेली मी पाहिली आहे, आणि पंखा दोघांच्याही आजोबांचाच होता. हंगामाच्या सणाला तर उघडउघड लिलाव. कोहळा, उसाची मोळी, बाजरीची कणसं, पाय बांधलेला कोंबडा, गावाकडच्या नातेवाइकांनी पाठवलेली गावठी अंडी. एक वार, दोन वार, तीन वार. अर्धा डझन अंड्यांना बाराशे रुपये बोलणारा माणूस ती अंडी परत लिलावाला देतो आणि टाळ्या पडतात. मला हा लिलाव आवडतो. त्यात दिखाऊपणा आहे, पण खोटेपणा नाही. सगळ्यांना माहीत असतं की आज फुशारकी मारायची परवानगी आहे. आणि दर रविवारच्या थैलीत तुमचं काय गेलं, हे तुमच्या बायकोलाही माहीत नसतं.

मग २०२० आलं. मार्चच्या शेवटी चर्चला कुलूप लागलं. उत्तम शुक्रवारचे सात उद्गार आम्ही घराघरांत मोबाइल पुस्तकाला टेकवून ऐकले. पाळकसाहेबांचा पगार, वॉचमनचा पगार, विजेचं बिल आणि डायसिसला, म्हणजे वरच्या धर्मप्रांताला पाठवायचा वाटा काही थांबला नव्हता. तरुण संघातल्या एका मुलीनं दोन दिवसांत क्यूआर कोड काढून दिला आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तिचे आभार मानायला हवेत आणि मी मानलेही. त्या कोडवर आमची मंडळी ते वर्ष तरली.

पुढे चर्च उघडलं, पण कोड राहिला. आता तो लॅमिनेट करून दाराशी, उपासना संगीताच्या, म्हणजे गीतांच्या पुस्तकाच्या प्रती ठेवतो त्या कपाटावर, आणि खांबाखांबाला लावला आहे. थैल्या हलक्या झाल्या, खातं भारी झालं. मधे कुणाच्या तरी डोक्यात आलं की किराणा दुकानात असतो तसला बोलणारा स्पीकरही घेऊ या, म्हणजे पैसे आले की नाही लगेच कळेल. चाचणी म्हणून एका रविवारी तो वेस्ट्रीत लावून ठेवला. दार उघडं राहिलं. पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली देणारी प्रार्थना झाली, पाळकसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे सगळे क्षणभर शांत उभे राहिले, आणि त्या शांततेत आतून बाईचा आवाज आला, "दोनशे रुपये प्राप्त झाले." पोरं फुटली. पाळकसाहेबांनी डोळे मिटून ठेवले खरे, पण खांदे हलत होते. पापक्षमा आणि पावती एकदमच मिळाली! स्पीकर सोमवारी परत गेला.

इथपर्यंत गमतीचं. आता जे लिहायला बसलो ते.

क्यूआरचे पैसे खात्यात येतात तेव्हा देणाऱ्याचं नाव येतं. एवढंच. हे सांगण्यासारखं आहे असं कुणालाच वाटत नाही, कारण सगळीकडे तसंच असतं. पण थैली आणि स्टेटमेंट यांतला फरक मोजणाऱ्यालाच कळतो. थैलीत मी दहाची नोट उलगडत होतो. स्टेटमेंटमध्ये मी माणूस उलगडतो. ऑडिटरला रकमा लावून द्याव्या लागतात, ट्रस्टचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, म्हणून मी दर महिन्याला स्टेटमेंट उतरवून घेऊन एक्सेलमध्ये लावतो. तारीख, रक्कम, नाव, शेरा.

शेऱ्याच्या रकान्यात सुरुवातीला मजा यायची. कुणाच्या हातून आधीचाच शेरा तसाच राहून "मटण" म्हणून अर्पण आलं. एकानं दर वेळी "देवाचं" असं लिहिलं. पाचशे रुपयांपुढे एकदा "चुकलो" असा एकच शब्द होता. पेन्सिलीच्या चिठ्ठीसारखाच, पण या वेळी शेजारच्या रकान्यात नाव होतं. त्या माणसासाठी मी प्रार्थना केली का? आधी विचार केला की हा काय चुकला असेल.

नावांचंही एक आहे, ते बाहेरच्यांना चटकन कळणार नाही. आमच्यातल्या काहींचं चर्चमधलं नाव एक आणि कागदावरचं दुसरं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. आजोबा-पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, गावानं वागवायचं तसंच वागवलं, आणि सरकारनं सांगितलं की आता तुम्ही ते नाहीच. तेव्हा कुणी पोराला शाळेत घालताना कागदावर जुनंच नाव ठेवलं, तर त्याला मी नावं ठेवणार नाही. माझ्या वडिलांनी ठेवलं नाही, त्याची किंमत आम्ही भावंडांनी भरली. शेजारच्यांनी ठेवलं, त्याची त्यांनी वेगळ्या तऱ्हेनं भरली. थैलीला यातलं काही माहीत नव्हतं. बँकेच्या स्टेटमेंटला सगळं माहीत आहे. वेदीपासून ज्यांना एका नावानं हाक मारतात, ते माझ्या संगणकावर दुसऱ्या नावानं उभे असतात, आणि रविवारी दाराशी हात मिळवताना त्यांना ठाऊक असतं की मला ठाऊक आहे.

माझे पणजोबा नेवासे तालुक्यातले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतरचा बाप्तिस्मा. गावात त्यांना पोटासाठी बाटलेले म्हणत, आणि आमच्या घरात ही गोष्ट कधी लपवली गेली नाही. वडील म्हणायचे, भूक लागलेल्या माणसाला भाकरी देणाऱ्याचा देव कोण, हे विचारावंसं वाटलं तर त्यात लाजायचं काय? पण ते आणखी एक म्हणायचे. आपण घेणारी मंडळी होतो. बाक मिशनचे, घंटा मिशनची, पाळकाचा पगार बोस्टनहून. देणारी मंडळी व्हायला आपल्याला तीन पिढ्या लागल्या. म्हणून थैली समोर आली की वडील खिशातून नोट काढताना जरा ताठ बसायचे. पैसे थोडे असायचे. ताठपणा पूर्ण असायचा.

नगरात राहून या विषयात टिळकांचं नाव टाळता येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक इथे राहिले, इथल्या मंडळ्यांना त्यांनी अभंग आणि भजनं दिली, आणि १९१७ साली मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य एकत्र यावेत ही कल्पना. दोन वर्षांत ते गेले, दरबार काही उभा राहिला नाही. मला त्यात नोकरी सोडणं जास्त मोठं वाटतं. दर महिन्याच्या आकड्याला नाही म्हणणं काय असतं, हे कॅशियरला विचारा. अर्थात घर चालवायची वेळ आली की संन्याशाचा हिशेब त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडेच जायचा, हेही विसरू नये. आमच्याकडेही शिष्यत्व पुरुषांचं आणि रॉकेलचा डबा बायकांचा असं बरीच वर्षं चाललं.

आजकाल शिष्यत्वावर शिबिरं होतात. तीन दिवस, जेवणासकट, फाइल आणि पेन. चांगलं असतं, मी जातो. एका शिबिरात पाहुण्या वक्त्यांनी सांगितलं की पेराल तसं कापाल, आणि पेरणीची सुरुवात आजच्या पाकिटानं करा. माझी मेहुणी असल्याच एका यूट्यूबवरच्या प्रचारकाला महिन्याला हजार रुपये पाठवते, पडद्यावर खाली त्यांचा क्यूआर कोड सरकत असतो. आमच्या थैलीत वीस टाकते. मी बोललो तर म्हणाली, "दाजी, त्यांच्या प्रार्थनेनं माझी शुगर उतरली." आता शुगरशी कोण भांडणार? पण हे मला कसं माहीत, की ती वीस टाकते? तीच म्हणाली म्हणून. नाहीतर थैलीनं मला सांगितलं नसतं.

मागच्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी मी हिशेब लावत होतो. सगळं जुळलं. मग, कशासाठी ते मला आजही नीट सांगता येत नाही, रकमेच्या रकान्यावर गेलो आणि मोठ्यापासून लहान असा क्रम लावला. वर्षभराची बेरीज करून. माझं नाव सातवं आलं. मी सातवा! वरची सहा नावं वाचली. चौघांना माझ्यापेक्षा पेन्शन जास्त आहे, एक डॉक्टर आहे, सहाव्याचा मुलगा दुबईत. म्हणजे खरं पाहता मी पहिलाच, असं गणित मनात मांडून झालं. मग खाली गेलो. खाली काय आहे हे बघायला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मला बाकांवर माणसं दिसेनात, आकडे दिसायला लागले. हा अडीचशे. ही बाई दर पहिल्या तारखेला पाचशे एक. हा दोन हजारवाला, पण फक्त एप्रिलमध्ये. पुढच्या बाकावर कायम बसणारे, मोठ्या आवाजात प्रार्थना करणारे एक गृहस्थ, माझ्याच वयाचे: त्यांचं नावच नाही. बारा महिन्यांत एकदाही नाही. दोन-तीनदा शोधलं, कागदावरचं नाव वेगळं असेल म्हणून आडनावानंही शोधलं.

बायकोला माझ्या सलामातला फरक कळला. चर्चमधून निघताना म्हणाली, "त्यांना असा काय अर्ध्या हातानं सलाम केलात?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. ती म्हणाली, "सलाम गुडघ्यानं करता का?"

पुढे कमिटीवर एक जागा रिकामी झाली. बैठकीत त्या गृहस्थांचं नाव कुणीतरी सुचवलं. चांगला माणूस, आजाऱ्यांना भेटायला जातो, उपदेश लक्ष देऊन ऐकतो. दोघांनी माना डोलावल्या. आणि मी, वहीतून वर न बघता, म्हणालो, "त्यांचं काही दिसत नाही."

एवढंच वाक्य. पाळकसाहेब म्हणाले, "दिसत नाही म्हणजे?" मी म्हटलं, "असंच." पण खजिनदारानं असंच म्हटलं की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. कुणी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या कुणाचं नाव आलं, ते मंजूर झालं, चहा आला.

ते थैलीत रोख टाकत असतील का? असतील. नसतीलही. मला आजही माहीत नाही, आणि खरं तर तो प्रश्नच नाही. समजा दमडीसुद्धा टाकत नसतील. तरी ते मला कळायचं कारण नव्हतं आणि मी ते टेबलावर ठेवायचं तर मुळीच नव्हतं. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये असं प्रभूनं देणाऱ्याला सांगितलं. तिसराच कुणाचा तरी हात दोन्हींवर नजर ठेवून बसेल, हा विचार तिथे नाही.

स्वतःची बाजू मांडायला मी शास्त्रात गेलो. आम्ही असंच करतो. मार्कचा बारावा अध्याय. येशू मंदिराच्या दानपेटीसमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता. म्हणजे तोही पाहतच होता की! विधवेनं दोन टोल्या टाकल्या. मराठी शास्त्रातला हा शब्द मला लहानपणापासून आवडतो, टोल्या; दोन टोल्या म्हणजे एक दमडी. शिष्यांना जवळ बोलावून तो सांगतो की हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण हिनं होतं नव्हतं ते टाकलं. म्हणजे त्याला पेटीत पडलेलं दिसत नव्हतं, घरी उरलेलं दिसत होतं. माझ्या एक्सेलमध्ये तो रकाना नाही. कुठल्याच बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नसतो.

आणि हा उतारा अर्पणाच्या वेळी आम्ही नेहमी मधूनच उचलतो. त्याच्या आधीच्या ओळीत काय आहे? विधवांची घरं गिळणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून सांभाळा, असं आहे. नंतरच्या अध्यायाची सुरुवात? शिष्य म्हणतात, गुरुजी, केवढे हे दगड, केवढ्या या इमारती. आणि तो म्हणतो, दगडावर दगड राहणार नाही. ज्या इमारतीसाठी तिनं टोल्या टाकल्या ती इमारत. मला वाटतं तो तिचं कौतुक करत होता आणि त्याच वेळी संतापलाही होता. आमच्या कमिटीत सध्या वेदीमागे एलईडीची भिंत बसवायची की नाही यावर चर्चा चालू आहे. त्या बैठकीत हा उतारा पुढून-मागून वाचावा असं माझ्या मनात आहे. बघू.

त्या गृहस्थांकडे मी गेलो. ठरवून गेलो, माफी मागायची म्हणून. पण कशाची मागणार? "तुमच्याबद्दल मी असं बोललो" म्हणायचं तर काय बोललो ते सांगावं लागेल, आणि ते सांगणं म्हणजे पुन्हा तेच तोंडावर बोलणं. वहिनींनी चहा केला. गृहस्थ माझ्या गुडघ्याची चौकशी करत बसले, कुठलं तेल लावता, जिना चढता येतो का. बायकोनं वहिनींना सांगितलं असणार. कमिटीचा विषय त्यांनी काढला नाही. नाव सुचवलं गेलं होतं हे त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. निघताना अंगणातल्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा पिशवीत घालून दिल्या, मी नको नको म्हणत असताना. पेपरात गुंडाळलेली जुडी, रबर लावून. घरी मोजल्या. सवयच ती. चौदा होत्या.

मग पाळकसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, क्रम लावल्याचंही. त्यांनी मला बोल लावला नाही, शास्त्रातलं वचनही दिलं नाही. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "काका, एक विनंती. तुम्हाला काय दिसतं ते मला कधी सांगू नका. मला दर रविवारी त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायचं असतं." मी राजीनाम्याचं बोललो. ते म्हणाले, "दुसरा बसेल, त्यालाही दिसेल. त्याला एक्सेल येत नसेल, एवढाच फरक."

तेव्हा आम्ही आमच्यापुरता मार्ग काढला. क्यूआर दिला त्याच मुलीनं. आता स्टेटमेंट ती उतरवून घेते, ऑडिटची मूळ प्रत सेक्रेटरींच्या कपाटात बंद पाकिटात जाते, आणि माझ्याकडे जी फाइल येते तिच्यात तारीख असते, रक्कम असते, शेरा असतो. नावाचा रकाना ती दडवून पाठवते. मी सांगितलं होतं पुसूनच टाक. ती म्हणाली, "अंकल, पुसला तर बेरीज बिघडते, काही फॉर्म्युले त्यावर आहेत. हाइड केलाय, काही दिसणार नाही."

शेऱ्यांसाठी मी प्रार्थना करतो. गेल्या महिन्यात एक आला, "आईचा रिपोर्ट चांगला येऊ दे", दीडशे रुपये. मखमलीच्या थैलीतल्या चिठ्ठीसारखाच, कुणाची आई ते माहीत नाही.

काल रात्री जूनचा हिशेब लावला. बेरीज पहिल्या फटक्यात जुळली. वरच्या पट्टीवर ए, बी, आणि मग एकदम डी. दोन्ही बाजूंचे रकाने निवडायचे, उजवी कळ दाबायची, अगदी खालची ओळ. पस्तीस वर्षं बँकेत होतो, मला येतं ते. बायको आतून म्हणाली, "झालं का? दिवा मालवा." मी म्हटलं, झालं.